‘खुनी कोण?’ आणि ‘अपराध कोणाचा?’

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांच्या करमणुकीत गेल्या दहा-बारा वर्षांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. पैसे भरून स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचे, आत मांडून ठेवलेल्या खुणा, कुलुपे आणि सांकेतिक अक्षरे यांचा उलगडा करायचा आणि तासाभरात बाहेर पडायचे, असा हा खेळ. मुंबई-पुण्यात तो आता रुळला आहे. त्याचाच मोठ्यांसाठीचा भाऊबंद म्हणजे ‘मर्डर मिस्टरी’ची मेजवानी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला एक पात्र वाटून दिले जाते. कोणी डॉक्टर होतो, कोणी जहागीरदाराची विधवा, कोणी कर्जबाजारी पुतण्या. सूप संपते न संपते तोच कोणाचा तरी ‘खून’ पडतो आणि गोड पदार्थ पानात येईपर्यंत खुनी शोधून काढायचा असतो.

आपल्या परिवारातील ज्येष्ठांची यावरची प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते : पाश्चात्त्यांचे आणखी एक थेर! खून हा काय चारचौघांत हसतखेळत करण्याचा विषय आहे, असा त्यांचा सवाल असतो. या सवालात तथ्य आहे आणि त्याकडे आपण येणारच आहोत. परंतु नाक मुरडण्यापूर्वी हा प्रकार कोठून आला, त्यात माणसांना गोडी कशाची वाटते आणि त्यात उणे काय आहे, हे नीट पाहिले पाहिजे. न पाहता नाकारणे हा आपल्याकडील एक जुनाच आळस आहे.

हे बीज रुजले ते इंग्लंडात. बर्मिंगहॅमचा अँथनी प्रॅट नावाचा एक वादक होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो हॉटेलांतून पियानो वाजवीत असे आणि तेथे जमलेले पाहुणे रात्री लुटुपुटीच्या खुनाचे खेळ खेळत, ते पाहत असे. युद्ध आले, ब्लॅकआउट आले, रात्री घराबाहेर पडणे बंद झाले. त्या सक्तीच्या अंधारात प्रॅटने हाच खेळ पटावर उतरवला. १९४४ च्या डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. युद्धोत्तर टंचाईमुळे खेळ बाजारात यायला १९४९ साल उजाडले. हाच तो ‘क्लूडो’. सहा संशयित, सहा हत्यारे, नऊ दालने, म्हणजे एकूण ३२४ शक्यता. त्यांतून एक खरी शोधायची. प्रॅटने पुढे १९५३ मध्ये परदेशातील हक्क अवघ्या पाच हजार पौंडांना विकून टाकले. खेळ जगभर गेला, प्रॅट मागे राहिला.

या पटाविषयी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. सहाही संशयितांना सोंगट्या आहेत, हत्यारांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. ज्याचा खून झाला त्या डॉ. ब्लॅकला मात्र पटावर सोंगटी नाही. अमेरिकेत तर त्याचे नावच ‘मिस्टर बॉडी’, म्हणजे श्रीयुत प्रेत, असे ठेवण्यात आले. तो कोण होता, त्याच्यामागे कोणी रडणारे होते की नाही, हे खेळणाऱ्याने विचारायचे नाही. प्रेत हवे, कारण त्यावाचून कोडे सुरू होत नाही. त्याहून अधिक त्याचे काम नाही.

लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून चाललेल्या अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाची गोष्टही याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. २०२० च्या महामारीत पडलेला खंड सोडला तर ते सात दशकांहून अधिक काळ चालत आले आहे, आणि प्रत्येक प्रयोगाअंती प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. प्रेक्षकाला रहस्याचा भागीदार करून घेण्याची ही मोठी चतुर युक्ती. पण या नाटकाचे मूळ १९४७ च्या एका नभोनाट्यात आहे आणि त्या नभोनाट्यामागे एक खरे प्रेत आहे. डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा सरकारी व्यवस्थेने श्रॉपशायरमधील एका शेतावर सांभाळण्यासाठी ठेवला होता. १९४५ च्या जानेवारीत तो उपासमार आणि मारहाण यांनी मेला. त्या मृत्यूची सरकारी चौकशी झाली. १९४८ मध्ये ब्रिटनने मुलांच्या संगोपनाविषयी जो कायदा केला, त्यामागील कारणांत या प्रकरणाची गणना होते. एकाच मृत्यूतून एका बाजूला कायदा निघाला, दुसऱ्या बाजूला संध्याकाळची करमणूक. त्या करमणुकीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या किती जणांना त्या मुलाचे नाव ठाऊक असते?

प्रेक्षकाला नुसते पाहत न बसवता निवाड्यात ओढण्याचे प्रयोगही जुनेच आहेत. आयन रँडच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’ या नाटकात १९३५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रेक्षकांतूनच पंच निवडले जात आणि ते देतील त्या निकालाप्रमाणे शेवट बदले. बॉस्टनमध्ये १९८० पासून चार दशके चाललेल्या ‘शिअर मॅडनेस’मध्ये प्रेक्षक संशयितांना उभे करून प्रश्न विचारीत आणि मत देऊन खुनी ठरवीत. बहुमताने खुनी ठरवण्याची ही कल्पना गमतीची असली तरी थोडी विचारात पाडणारीही आहे. सत्य हे हात वर करून ठरत नसते. जपानमध्ये क्योतो येथे ताकाओ कातो याने २००७ मध्ये कोंडून घेण्याच्या खेळाला प्रत्यक्ष रूप दिले आणि तेथून तो जगभर पसरला.

चीनची हकिकत मात्र आपण जरा लक्षपूर्वक वाचावी. २०१६ मध्ये तेथे प्रसिद्ध कलाकारांनी खुनी शोधण्याचा एक कार्यक्रम इंटरनेटवर सुरू झाला आणि त्यानंतर ‘जुबनशा’ नावाचा व्यवसाय शहराशहरांत फोफावला. सहा-सात जणांनी एका टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने आपल्या पात्राची संहिता वाचायची आणि तीन-चार तास, कधी त्याहून जास्त, वाद घालून रहस्य उलगडायचे. ही कल्पना पाश्चात्त्य. पण चिन्यांनी अल्पावधीत तिच्यात स्वतःचे राजवंश, स्वतःच्या दंतकथा, जपानविरोधी युद्धाचे स्वतःचे प्रसंग भरले. पुढे जून २०२२ मध्ये तेथील पाच सरकारी खात्यांनी मिळून नियम काढले : संहितांची माहिती सरकारदरबारी नोंदवायची, वयोमर्यादा लिहायची, शाळेच्या दिवशी अल्पवयीनांना प्रवेश नाही. सरकारने संहितेवर पहारा बसवावा, हा मार्ग आपला नव्हे आणि तो असूही नये. मात्र परका साचा घेऊन त्यात आपला ऐवज ओतण्याचे जे काम त्यांच्या तरुण लेखकांनी पहारा बसण्यापूर्वीच करून दाखवले, ते आपल्याला का जमू नये, हा प्रश्न उरतोच.

आता गोडीचे कारण. आज घरोघरी चार माणसे चार पडद्यांसमोर बसलेली दिसतात. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे आणि आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र जेवावे, बोलावे, असा आग्रह आपले कार्यकर्ते घरोघर जाऊन धरतात. हे योग्यच. पण जेवण झाल्यावर काय? तेरा वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांचे आजोबा यांनी कोणत्या विषयावर बोलावे? उपदेशाने पंधरा मिनिटांत मुले उठून जातात, हा अनुभव कार्यकर्त्यांनी उगाच झाकून ठेवू नये. रहस्याच्या खेळात मात्र वय आड येत नाही. नातवाला सांकेतिक अक्षरे लवकर उमगतात, आजीला माणसाचा खोटेपणा लवकर ओळखू येतो. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागते, ऐकावे लागते, आपले म्हणणे पुराव्याने पटवून द्यावे लागते. तीन तास मोबाइलची आठवण होत नाही. एवढा लाभ देणारा खेळ केवळ विलायतेहून आला म्हणून टाकून देणे शहाणपणाचे नाही.

शिवाय तो खरोखर केवळ विलायतेहूनच आला आहे काय? अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या ज्या कथा आहेत, त्यांचा नायक राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. त्याच्या दरबारात एक भिक्षू रोज येऊन एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ कोषाध्यक्षाकडे देतो, कोषाध्यक्ष खिडकीतून भांडारात टाकतो. अशी वर्षे जातात. एके दिवशी राजा ते फळ एका माकडाला देतो, माकड ते फोडते आणि आतून रत्न बाहेर पडते. भांडार उघडून पाहावे तो कुजलेल्या फळांच्या राशीत रत्नांचा ढीग! रोज डोळ्यांसमोर असलेला पुरावा रोज दुर्लक्षिला गेलेला. रहस्यकथेची याहून चांगली सुरुवात ख्रिस्तीबाईंनाही सुचली नसती. भिक्षू राजाला स्मशानात बोलावतो, शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणायला सांगतो, आणि त्या प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर मस्तकाची शकले होतील. बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. ‘चांदोबा’तून मराठी मुलांच्या पिढ्यांनी हा वेताळ वाचला, १९८५ मध्ये दूरदर्शनवर पाहिला. प्रश्न आला की घरात क्षणभर वाचन थांबे आणि प्रत्येक जण आपले उत्तर देई. ऐकणाऱ्याला खेळात ओढणारे रहस्य म्हणतात ते हेच.

वेताळाची पहिलीच कथा घ्या. वाराणसीचा राजपुत्र वज्रमुकुट एका सरोवराकाठी एका तरुणीला पाहतो. ती एक शब्दही बोलत नाही. कमळ कानावर ठेवते, दाताशी खेळते, मग कमळ मस्तकावर ठेवते आणि हात हृदयावर. राजपुत्राला काही कळत नाही. त्याचा मित्र, मंत्रिपुत्र बुद्धिशरीर, याला सारे कळते : कर्णोत्पल राजाचे राज्य, हस्तिदंताचे काम करणाऱ्याची मुलगी, नाव पद्मावती, मन तुझ्याठायी. पुढे प्रकरण गंभीर वळण घेते. पद्मावती मंत्रिपुत्रासाठी मिठाई पाठवते. तो ती कुत्र्याला घालतो आणि कुत्रा मरतो. मंत्रिपुत्र उलट डाव टाकतो. राजपुत्राकडून तिच्या अंगावर त्रिशूळाची खूण डागवतो, तिचे दागिने काढून आणायला लावतो आणि स्वतः स्मशानात तपस्व्याचे सोंग घेऊन बसतो. दागिन्यांवरून चौकशी त्याच्यापर्यंत येते, तेव्हा तो सांगतो की हे एका चेटकिणीचे आहेत, तिच्या अंगावर मी त्रिशूळ उमटवला आहे. राजा खूण पाहतो, पद्मावतीला नगराबाहेर हाकलतो आणि राजपुत्र व त्याचा मित्र तिला घेऊन निघून जातात. तिचे आईवडील शोकाने प्राण सोडतात.

वेताळ विचारतो : या दोघांच्या मृत्यूचे पाप कोणाचे? आधुनिक खेळात उत्तर मंत्रिपुत्र हेच आले असते. डाव त्याचा, पुरावा त्याने पेरलेला. त्रिविक्रमसेन म्हणतो, पाप कर्णोत्पल राजाचे. मंत्रिपुत्र आपल्या स्वामीचे काम करीत होता, प्रेमिक प्रेमाने आंधळे झाले होते. पण राजाचे कामच मुळी शोध घेण्याचे. त्याने हेर धाडले नाहीत, सोंग ओळखले नाही, पेरलेल्या खुणेवर विश्वास ठेवला. हे उत्तर काहींना पटणार नाही, आणि न पटले तर घरात वाद होईल. तसा वाद व्हावा म्हणूनच ही कथा सांगितलेली आहे. इंग्रजी पटावरचा खेळ ‘खुनी कोण?’ एवढे विचारून थांबतो. वेताळ ‘अपराध कोणाचा?’ असे विचारतो, आणि त्याच्या खेळात उत्तर देणाऱ्याचे स्वतःचे डोके पणाला लागलेले असते.

आपल्याकडे ही वृत्ती केवळ कथेतच होती असेही नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ‘कण्टकशोधन’ या अधिकरणात ‘आशुमृतकपरीक्षा’ नावाचे एक प्रकरणच आहे. अकस्मात मेलेल्या माणसाच्या प्रेताला तेल लावून ते तपासावे. गळ्यावरचे व्रण, सुजलेले हातपाय, उघडे डोळे, काळवंडलेली नखे, तोंडाचा फेस यांवरून गळा आवळला की विष दिले ते ठरवावे. उरलेल्या अन्नाची परीक्षा करावी. शेवटी तो कोणाबरोबर होता, त्याला कोणी बोलावले होते, वारसा कोणाकडे जातो, हे आसपासच्यांना विचारावे. शिक्षण क्षेत्रातील आपल्या मंडळींनी भारतीय ज्ञानपरंपरेवर भाषणे थोडी कमी करून हे एक प्रकरण आठवी-नववीच्या मुलांना खेळासारखे करून दिले, तर परंपरेचे अधिक भले होईल. भेदिक शाहिरीत तुरेवाले आणि कलगीवाले एकमेकांना कूट घालीत आणि सारा गाव उत्तराची वाट पाहत रात्र जागवी, तीही हीच भूक होती. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयाने ती पुढे भागवली; हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला आपल्या प्रतिष्ठित समीक्षेने दारात उभे केले नाही, ही गोष्ट वेगळी. पुण्यात दीर्घकाळ राहिलेल्या शरदिंदु बंद्योपाध्यायांचा व्योमकेश तर स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नसे. तो ‘सत्यान्वेषी’ होता.

आणि मग आपल्या इतिहासातला तो खून. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवाचे दिवस, शनिवारवाडा. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा गारद्यांच्या हातून मारला जातो. त्याला वाचवण्यासाठी आडवा आलेला सेवक चाफाजी टिळेकरही मरतो. तलवार कोणाची, हे शोधण्यासाठी डिटेक्टिव्हची गरज नव्हती. सुमेरसिंग गारदी आणि तुळाजी पवार यांची नावे सर्वांना ठाऊक होती. इंग्रजी मेजवानीतला खेळ येथे संपला असता. रामशास्त्री प्रभुण्यांचे काम येथून सुरू झाले. त्यांनी चौकशी करून नव्याने गादीवर बसलेल्या राघोबादादाला, प्रत्यक्ष पेशव्याला, दोषी ठरवले, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्याच्या तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. कर्णोत्पलाच्या बाबतीत त्रिविक्रमसेनाने जे उत्तर गोष्टीत दिले, तसेच उत्तर एका न्यायाधीशाने धन्याच्या समोर उभे राहून दिले.

याच प्रकरणात ‘ध’चा ‘मा’ आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट मराठी माणसाच्या ओठांवर आहे. पण ती आख्यायिका आहे. ओठांवर असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. अडीचशे वर्षे एका स्त्रीच्या माथी हा डाग आहे आणि आपण तो शाळेतल्या मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवतो. पद्मावतीच्या अंगावरचा त्रिशूळ आणि आनंदीबाईंच्या नावावरचा ‘मा’, दोन्ही खुणा पाहताक्षणी पटणाऱ्या आहेत. म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहायला हवे. एखाद्या कुटुंबाने या खुनाचा खेळ मांडला, तर ही चिठ्ठी पुराव्यांत जरूर ठेवावी, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे खेळणाऱ्यांवर सोडावे. स्वतःच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्याने त्यातल्या ऐकीव गोष्टी तपासायलाही शिकले पाहिजे. आपल्या विरोधकांच्या ऐकीव गोष्टी तपासण्यात आपण तरबेज आहोतच.

एक व्यवहाराची गोष्ट. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन येथे अशाच कोंडण्याच्या खोलीत आग लागून वाढदिवस साजरा करायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली गुदमरून मेल्या. २५ मे २०२४ रोजी आपल्याकडे राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत २५ हून अधिक जीव गेले. तो खेळ वेगळा होता, बेफिकिरी तीच. मुलांना अशा ठिकाणी पाठवताना दार आतून उघडते का, बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोणता, हे विचारावे. उत्तर देताना व्यवस्थापक अडखळला तर मुलांना घेऊन परत यावे. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्यावेत.

घरच्या खेळाला मात्र ना कुलूप लागते ना प्रवेशशुल्क. गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात आरती झाल्यानंतरचे दोन तास बहुधा चित्रपटगीतांवरच्या नाचात जातात. त्यांतला एक दिवस यासाठी काढता येईल. बारा-पंधरा चिठ्ठ्या पुरतात. गारद्यांचा थकलेला पगार एका चिठ्ठीत, वाड्यातल्या पहाऱ्याची व्यवस्था दुसरीत, राघोबांची नजरकैद तिसरीत, गाजलेले ते पत्र चौथीत. चाफाजी टिळेकरासाठीही एक चिठ्ठी हवी. तो कोण होता, वाड्यात काय काम करीत होता, त्या दिवशी कोठे उभा होता. मुलांनी साक्षी घ्याव्यात, मोठ्यांनी साक्षी द्याव्यात आणि थोडे खोटेही बोलावे. शेवटी उत्तराचे पाकीट फोडायचे नाही, कारण पाकीटच ठेवायचे नाही. प्रत्येक गटाने आपला निवाडा कागदावर लिहायचा, त्याखाली आपल्या नावाची सही करायची आणि राघोबा झालेल्या गृहस्थांसमोर उभे राहून तो वाचून दाखवायचा. सोसायटीच्या अध्यक्षांनाच राघोबा करता आले तर उत्तम.